शाई कोणाची? घरचा प्रिंटर आणि मालकीचा एक जुना वाद



या व्याख्यानमालेत आम्ही आजवर मांडलेले विषय बहुतेक ग्रंथांतून आलेले होते. आजचा विषय आमच्या घरातल्या टेबलावरून आला आहे. घरी वापरायचा इंकजेट प्रिंटर कसा निवडावा, विशेषतः ज्यात शाई आपल्या हाताने, सहज भरता येईल असा, हा तो विषय. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने यावर तासभर बोलावं याचं आपल्याला नवल वाटेल. आम्हालाही आधी वाटलं होतं. पण शोधायला बसलो तेव्हा कळलं, की छपाईच्या यंत्रात कोणाची शाई घालायची हा वाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि त्याचा एक धागा आपल्या भारतीय कायद्यापर्यंत येतो.

आधी घरची गोष्ट सांगतो, म्हणजे प्रश्न नीट समोर येईल.

आमच्या सौभाग्यवतींना डोळ्यांच्या पडद्याचा, वयपरत्वे होणारा आजार आहे. मधली नजर अधू झाली आहे. पडद्यावरचं वाचताना डोळे दिपतात, त्यामुळे मोबाइल, टॅबलेट यांचा उपयोग नाही. कागदावर, मोठ्या टायपात, काळंभोर छापलेलं मात्र त्या वाचतात. आता, बारा पॉइंटचा मजकूर चोवीस पॉइंटात छापायचा म्हटलं तर पानं दुप्पट लागतील असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. अक्षर उंचीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट, म्हणून पानं चौपट. पाच पानांचा लेख वीस पानांचा होतो. आणि आमची ही व्याख्यानं देण्याआधी त्यांचा पहिला खर्डा त्याच वाचतात. शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलेलं आहे, त्यामुळे लाल पेन्सिल अजून हातात आहे. म्हणजे आमच्या घरी प्रिंटर ही चैन नाही.

पहिला प्रिंटर आम्ही स्वस्त बघून घेतला. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. काळ्या शाईची कार्ट्रिज दीड-दोनशे पानांत संपायची. तीन कार्ट्रिजच्या किमतीत प्रिंटरची किंमत निघाली. मग चौकातला एक मुलगा कार्ट्रिज भरून द्यायचा, त्याच्याकडे जाऊ लागलो. इंजेक्शनची सिरिंज, शाईची बाटली, टिश्यू पेपर, पाच मिनिटांचं काम. दोन महिने उत्तम चाललं. एके सकाळी वीस पानांतली अकरा पानं छापून यंत्र थांबलं. संगणकावर सूचना आली, की ही कार्ट्रिज स्वीकारता येत नाही, कंपनीची मूळ कार्ट्रिज बसवा. आम्ही त्या मुलाकडे गेलो. तो म्हणाला, "काका, कार्ट्रिज ठीक आहे. तुमच्या प्रिंटरनं रात्री अपडेट घेतलंय."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, प्रिंटर आपला, कागद आपला, शाई पैसे मोजून घेतलेली. मग नको म्हणणारं हे कोण?"

आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या अकरा पानांवर आमचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, ते आज पूर्ण करायचं आहे.

शाई आणि यंत्र ही जोडी आपल्याकडे कशी होती ते आधी पाहू. बोरूच्या काळात लिहिणाराच शाई करत असे. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी. किंवा हिरडा आणि हिराकस. दौत एकाची, बोरू दुसऱ्याचा, पोथी तिसऱ्याची, असं सहज चाले. छापखाना आला तेव्हाही हा स्वभाव सुटला नाही. मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि स्वतःच्या खटपटीने यंत्र उभं केलं. शाईचे प्रयोगही त्यांनी स्वतःच केले. १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. यंत्र कोणाकडून घेतलं म्हणून शाईही त्याच्याकडूनच घ्यायची, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांना ते बहुधा कळलंच नसतं. पुढे १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तीच पुढची कॅम्लिन. ती गोळी पाण्यात विरघळवायची आणि कोणत्याही टाकाला, कोणत्याही फाउंटन पेनला वापरायची. पेन परदेशी, शाई देशी, हे आमच्या पिढीने शाळेत रोज केलेलं आहे. पेनाने कधी तक्रार केली नाही.

आता शाळेतून कॉलेजात येऊ. आपल्यापैकी जे सत्तरीच्या आसपास आहेत त्यांना सायक्लोस्टाइल आठवत असेल. मेणाच्या पातळ कागदाची स्टेन्सिल, ती टाइपरायटरवर रिबन काढून ठोकायची. चूक झाली की लालसर द्रवाचा ठिपका लावून फुंकर मारायची. मग स्टेन्सिल रोळावर चढवायची आणि मूठ फिरवायची. शाई ट्यूबमधून यायची आणि शिपाईमामांच्या कोपरापर्यंत जायची. आमच्या कितीतरी पिढ्यांच्या नोट्स या यंत्राने छापल्या. आणीबाणीतली भूमिगत पत्रकंही याच यंत्रावर निघाली.

अमेरिकेत या जातीच्या यंत्राला मिमिओग्राफ म्हणत, आणि शिकागोची ए. बी. डिक कंपनी ती बनवत असे. एडिसनच्या पेटंटांवर हा धंदा उभा राहिला होता. या कंपनीने विकलेल्या यंत्रावर एक सूचना लावलेली असे. तिचा आशय असा: हे यंत्र फक्त ए. बी. डिक कंपनीच्या स्टेन्सिल, कागद, शाई आणि इतर सामानासह वापरण्याच्या अटीवर विकलं आहे. न्यूयॉर्कमधल्या क्रिस्टीना स्कू नावाच्या बाईंनी असं एक यंत्र घेतलं. सिडनी हेन्री नावाच्या विक्रेत्याने त्यांना त्या यंत्रासाठी शाईचा एक डबा विकला. शाईवर कोणाचं पेटंट नव्हतं. तरीही कंपनीने दावा लावला: आमच्या यंत्रात आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याची शाई जाणार, म्हणून हा आमच्या पेटंटाचा भंग आहे, आणि हेन्रीने त्याला मदत केली.

मार्च १९१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चार विरुद्ध तीन मतांनी कंपनी जिंकली. बहुमताचा तर्क वरवर पाहता सरळ होता. यंत्र मुळीच न विकण्याचा हक्क पेटंटवाल्याला आहे, मग अट घालून विकण्याचा हक्क का नसावा? सरन्यायाधीश व्हाइट अल्पमतात होते. त्यांनी विचारलं ते साधारण असं: आज शाई, मग उद्या काय? इंजिनाचं पेटंट असलेला माणूस कोळसा कोणाकडून घ्यायचा ते ठरवील, स्वयंपाकाच्या भांड्याचं पेटंट असलेला त्यात शिजणाऱ्या अन्नावर हक्क सांगेल. एका वस्तूचं पेटंट दुसऱ्या, पेटंट नसलेल्या वस्तूवर सत्ता चालवू लागेल.

हा निकाल फार काळ टिकला नाही. १९१४ साली अमेरिकी काँग्रेसने क्लेटन कायदा केला. 'माझ्याकडून हे घे, पण प्रतिस्पर्ध्याकडून ते घेऊ नको' अशा अटींमुळे स्पर्धा मारली जात असेल तर त्या अटी त्याने बेकायदा ठरवल्या. १९१७ मध्ये चित्रपटाच्या प्रोजेक्टरचा खटला आला. प्रोजेक्टर आमचा, म्हणून त्यावर चित्रपटही आमच्याच परवान्याचे, असा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि १९१२ चा शाईचा निकाल रद्दबातल केला.

आपल्याकडे काय झालं? १९७० चा भारतीय पेटंट कायदा म्हटला की आपण औषधांबद्दल बोलतो. पण त्याच कायद्यात कलम १४० आहे. पेटंट असलेली वस्तू विकताना, 'यासोबत लागणारी दुसरी वस्तूही माझ्याकडूनच घेतली पाहिजे' अशी अट करारात घालणं हे कलम बेकायदा ठरवतं. सरन्यायाधीश व्हाइट यांची शंका आपल्या कायद्याच्या पुस्तकात अशी उत्तरासकट बसली आहे. पुढे २००२ च्या स्पर्धा कायद्यातही एका मालाला दुसरा माल बांधून विकण्याच्या कराराचा विचार आहे.

मग प्रश्न असा, की कायदा इतका स्पष्ट असताना आमच्या टेबलावरचं यंत्र थांबलं कसं? त्यासाठी इंकजेटचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल.

१९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो हे संशोधक काम करत होते. शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श झाला आणि टोकातून शाईचा थेंब उडाला, अशी कंपनी सांगते ती हकिकत आहे. उष्णतेने शाईत क्षणभर बुडबुडा तयार होतो आणि तो पुढची शाई ढकलतो. कल्पना एवढीच. त्याच सुमारास अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत आले. गंमत पाहा, हे तंत्र सिरिंजमधून जन्मलं, आणि पुढे चौकाचौकातल्या मुलांनी कार्ट्रिज भरली तीही सिरिंजनेच.

१९८४ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा थिंकजेट ४९५ डॉलरला बाजारात आला. त्यात एक नवी युक्ती होती. शाई उडवणारी बारीक छिद्रं, म्हणजे प्रिंटहेड, प्रिंटरमध्ये कायमची न बसवता शाईच्या डबीलाच जोडली होती. शाई संपली की डबीसकट हेड फेकून द्यायचं. हे लबाडीने केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती छिद्रं शाई वाळून बुजत, तापून झिजत. दर वेळी नवं हेड मिळालं की छपाई पुन्हा स्वच्छ. अडचण खरी होती आणि उत्तरही खरं होतं. पण त्या उत्तरामुळे एक गोष्ट घडली. हजारो वर्षं वेगळी असलेली शाई आणि लेखणी एका डबीत बंद झाली. शाई घ्यायची तर लेखणीही पुन्हा विकत घ्यायची, असं झालं.

एप्सनने दुसरा रस्ता धरला. वीज दिली की किंचित वाकणारे स्फटिक वापरून, दाबाने थेंब उडवायचा. यात शाई तापत नाही, हेड टिकतं, म्हणून ते प्रिंटरमध्ये कायमचं बसवता येतं. १९९३ च्या सुमारास हे प्रिंटर बाजारात आले. इथे शाईची डबी नुसती डबी होती, म्हणजे ती स्वस्त व्हायला हरकत नव्हती. ती झाली नाही, कारण तोवर धंद्याची रीत ठरून गेली होती: यंत्र कमी किमतीत द्यायचं आणि नफा शाईत घ्यायचा.

या रीतीला रेझर आणि पात्यांची रीत म्हणतात, आणि तिचं श्रेय जिलेटला देतात. पण शिकागोचे कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं आहे, की जिलेटची पेटंटं जिवंत होती तोवर रेझर चांगला पाच डॉलरला, म्हणजे त्या काळी महागच, विकला जात होता. तो स्वस्त झाला पेटंटं संपल्यावर, १९२१ नंतर. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढं लक्षात ठेवावं, की सोयीच्या दंतकथा फार लवकर पसरतात.

ही रीत चालायची तर ग्राहकाने शाई बाहेरून घेता कामा नये. १९१२ मध्ये त्यासाठी यंत्रावर सूचना लावावी लागली. ती कोणी वाचली नाही, तरी यंत्र चाले, आणि कंपनीला कोर्टात जावं लागे. आपल्या काळात कार्ट्रिजवर एक चिप आली. कॅननच्या काही जुन्या डब्या पारदर्शक होत्या. तळाला एक लहान लोलक असे, त्यावर प्रकाश टाकून शाई आहे की नाही ते प्रिंटर ओळखे. अशी डबी कोणीही भरावी. २००५ च्या सुमारास त्यांच्या नव्या डब्यांवरही चिप आली. चिप शाई मोजते, डबी संपली अशी नोंद करते, आणि डबी कोणाची ते प्रिंटरला सांगते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी जगभर, जवळजवळ एकाच वेळी, इतरांच्या चिपा असलेल्या कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली, कारण आधी घेतलेल्या अपडेटमध्ये तशी सोय होती. पुढे इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने, ग्राहकांना या मर्यादांची नीट कल्पना दिली नाही म्हणून, त्या कंपनीला १ कोटी युरोचा दंड केला. तो डिसेंबर २०२० मधला आदेश.

मधे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा एकदा कार्ट्रिजच आली. लेक्समार्क कंपनी टोनर कार्ट्रिज सवलतीत विकताना, ती एकदाच वापरायची आणि दुसऱ्याला द्यायची नाही, अशी अट घालत असे. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची एक लहान कंपनी त्या रिकाम्या कार्ट्रिज घेऊन, भरून विकत होती. न्यायालयाने सांगितलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटाचा हक्क संपतो. करारभंगाचा दावा काय तो वेगळा करा, पण पेटंटाचं हत्यार वापरता येणार नाही. म्हणजे १९१२ ते २०१७, एकशे पाच वर्षांनी शाई विकणारा जिंकला.

पण मित्रहो, इथेच आमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाची खरी अडचण आहे. कायदा करारातली अट रद्द करू शकतो. चिप हा करार नाही, ती यंत्राची रचना आहे. तिला दावा लावावा लागत नाही, वकील द्यावा लागत नाही. ती नुसती थांबते. जी अट पूर्वी कागदावर होती ती आता यंत्रात शिरली आहे.

आता दहा मिनिटं आमच्या मूळ विषयाकडे येऊ द्या. 'माझं' म्हणजे काय, याची चर्चा आपल्या परंपरेत फार बारकाईने झाली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. स्वत्व, म्हणजे मालकी, ही शास्त्राने निर्माण केलेली गोष्ट आहे की लोकव्यवहारातली, असा प्रश्न त्याने घेतला आणि ती लौकिक आहे असं उत्तर दिलं. ज्यांनी शास्त्राचं नावही ऐकलेलं नाही असे सीमेवरचे लोकही खरेदी-विक्री करतात, हा त्याचा पुरावा. पुढे सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने याच स्वत्वाची फोड केली. त्याच्यापुढे एक प्रचलित व्याख्या होती. जी वस्तू हवी तशी वापरता येते ती आपली. शास्त्रीय भाषेत 'यथेष्टविनियोगयोग्यत्व'. रघुनाथाला ही व्याख्या पुरेशी वाटली नाही. वापरता तर दुसऱ्याचं अन्नही येतं, ते खाल्लं म्हणून आपलं होत नाही. आणि दुसऱ्याचं खाऊ नये असं म्हणायला आधी 'दुसऱ्याचं' म्हणजे काय ते ठाऊक हवं. म्हणून तो म्हणाला, की स्वत्व हा वेगळाच पदार्थ मानला पाहिजे. मालकी एक, आणि वापरता येणं दुसरं.

आम्ही पस्तीस वर्षं हे वर्गात शिकवलं. ते प्रिंटरला लागू पडेल असं कधी मनात आलं नव्हतं. पण पाहा, त्या सकाळी प्रिंटर आमचाच होता. पावती आमच्या नावावर, चोरीला गेला असता तर फिर्याद आम्हीच दिली असती. स्वत्व शाबूत होतं. विनियोग मात्र हजारो मैलांवरच्या कोणीतरी रात्रीत काढून घेतला होता. सौ. विचारत होत्या, नको म्हणणारं हे कोण. उत्तर असं, की वस्तू विकतानाच विनियोगाची किल्ली ज्याने स्वतःकडे ठेवली तो. आणि दुकानात आपण किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो. किल्ली कोणाकडे आहे ते विचारत नाही.

या गोष्टीला एक चांगलं वळण आशियातून मिळालं. इंडोनेशियात लोक प्रिंटरच्या शेजारी शाईच्या बाटल्या ठेवून, बारीक नळ्यांनी त्या हेडला जोडत. आपल्याकडेही असे नळ्या लावलेले प्रिंटर फोटो स्टुडिओंत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आपण पाहिले असतील. एप्सनने याच्याशी भांडत बसण्याऐवजी ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच तसा प्रिंटर काढला. शाईची टाकी बाहेर, झाकण उघडायचं, बाटली ओतायची. यंत्राची किंमत वाढली, शाईची पडली. तो भारतात आला, आणि पाच-सहा वर्षांत कॅनन, ब्रदर, एचपी यांचेही टाकीवाले प्रिंटर आले. श्रीमंत बाजारांत ही पद्धत उशिरा पोचली. अमेरिकेत एप्सनचे टाकीवाले प्रिंटर २०१५ मध्ये आले. चौकातल्या मुलांची खटपट कारखान्यात गेली, असा हा इतिहास आहे.

आता आपण वहीत लिहून घ्यावं असं सांगतो. आम्ही दुसरा प्रिंटर घेताना जे विचारलं ते हे.

पहिलं, आपण खरंच किती छापतो? महिन्याला दहा-वीस पानं असतील तर इंकजेट घेऊच नका. न वापरलेली शाई छिद्रांत वाळते. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बरं, किंवा साधा काळा-पांढरा लेझर, कारण त्यातली टोनरची पूड वाळत नाही. आठवड्याला चाळीस-पन्नास पानं असतील तर टाकीवाला घ्या. साधारण सत्तर मिलिलिटरच्या काळ्या शाईच्या बाटलीत चार हजारांच्या आसपास पानं निघतात असं कंपन्या सांगतात. लहान कार्ट्रिजच्या दीड-दोनशे पानांशी याची तुलना आपणच करा.

दुसरं, शाई जाते कुठून? दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगा. शाईची पातळी डोळ्यांनी दिसली पाहिजे. कार्ट्रिजवालाच घ्यायचा असेल तर प्रत्येक रंगाची डबी वेगळी असलेला घ्या. तीन रंग एकाच डबीत स्पंजात भरलेले असतील, तर एक रंग संपला की डबी भरताना तिघांचीही अंघोळ होते.

तिसरं, दुसऱ्याची शाई घातली तर यंत्र चालेल का, आणि गॅरंटीचं काय? याचं उत्तर तोंडी घेऊ नका, खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पाहा. आपोआप येणारं अपडेट बंद करता येतं का, तेही विचारा.

चौथं, वाया जाणारी शाई कुठे जाते? हेड स्वच्छ करताना निघालेली शाई आत एका शोषक गादीत जमते. ती भरली असं यंत्राला वाटलं की ते थांबतं. काही प्रिंटरांत ती गादी छोट्या डब्याच्या रूपात असते आणि स्क्रू काढून घरी बदलता येते, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. हीसुद्धा किल्लीच आहे.

पाचवं, काळी शाई कोणत्या जातीची? रंगकणांची पिगमेंट शाई पाण्याच्या थेंबाने सहसा फुटत नाही आणि साध्या कागदावर अक्षर ठसठशीत येतं. पाण्यात विरघळणाऱ्या डाय शाईचं अक्षर ओल्या बोटाने पसरतं. वाचनासाठी पिगमेंट बरी. दोन्ही जाती एकाच टाकीत कधी मिसळू नका.

सहावं, पानांच्या आकड्यांना भुलू नका. ते सहसा ठरलेल्या नमुना पानांवरून काढलेले असतात. आपल्या पानावर ठळक अक्षरं असतील तर शाई जास्त जाईल. आणि पहिल्या भरणीतली बरीच शाई नळ्या भरण्यातच खर्च होते, त्यामुळे पहिली बाटली लवकर संपली म्हणून घाबरू नका.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कंपन्या म्हणतात, की वाईट शाईने हेड बिघडतं. हे खोटं नाही. रस्त्यावरची, नाव-पत्ता नसलेली शाई आम्ही स्वतः टाळतो. यथेष्ट विनियोगाचा हक्क म्हणजे चूक करण्याचाही हक्क, आणि तिचा खर्च सोसण्याची तयारी. पण तो निर्णय आपला असावा, यंत्राने आपल्यासाठी घेतलेला नसावा, एवढंच म्हणणं आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची माहिती एका ठिकाणी मिळावी हा विचार आपल्याकडेही सुरू झाला आहे. तो विचार ट्रॅक्टर आणि मोबाइलवर थांबू नये. शाईच्या डबीपर्यंत यावा.

आमच्या घरी आता टाकीवाला प्रिंटर आहे. पहिल्या प्रिंटरच्या जवळजवळ तिप्पट किमतीचा. शाई पहिल्यांदा भरली तेव्हा थोडी सदऱ्यावर सांडली, तो डाग अजून आहे. प्रत्येक बाटलीचं तोंड फक्त आपापल्या टाकीतच बसतं, त्यामुळे सौ. स्वतः चाचपून शाई भरू शकतात. त्यांनी मागच्या आठवड्यात ती भरली. डॉक्टर म्हणतात, नजर अजून कमी होईल. किती आणि केव्हा ते सांगता येत नाही. अक्षर आम्ही आता अठ्ठावीस पॉइंटांवर नेलं आहे. आजचं हे व्याख्यान त्यांनी काल वाचलं. रघुनाथ शिरोमणीवर आधी पाच पानं होती, ती त्यांनी लाल पेन्सिलीने एकावर आणली. श्रोत्यांचे उपकार त्यांच्यावर आहेत.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. इथे थांबतो.